थ्री-नॉट-थ्रीसाठी जुना माल: वारशाने आलेल्या खोक्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका रायफल क्लबमध्ये घडलेली ही गोष्ट. माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. ज्यांच्याभोवती हे सगळं फिरतं ते मूळचे पुण्याचे, बरीच वर्षं तिकडे स्थायिक झालेले मेकॅनिकल इंजिनिअर. क्लबात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो आणि इथेही तसंच म्हणणार आहे.

दादांकडे ली-एनफील्ड नंबर ४ मार्क १* आहे. ही बंदूक दुसऱ्या महायुद्धात मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्स इथे सॅव्हेज कंपनीने ब्रिटिशांसाठी बनवली. लेंड-लीज या, दोस्त राष्ट्रांना युद्धसाहित्य पुरवण्याच्या अमेरिकन योजनेतून गेलेल्या मालावर असतो तसा 'यू.एस. प्रॉपर्टी' हा शिक्का तिच्या डाव्या बाजूला अजून स्पष्ट दिसतो. युद्धाच्या घाईत वेळ वाचावा म्हणून यातल्या अनेक नळ्यांना आतून, गोळीला फिरकी देणाऱ्या, पाचऐवजी दोनच खाचा पाडल्या गेल्या. दादांची नळी तशीच, दोन खाचांची. काडतूस .३०३, म्हणजे आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेलं थ्री-नॉट-थ्री.

भारतात हे काडतूस सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, कारण ते निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकांना मनाई असलेल्या नळीच्या मापात, मोडतं. म्हणूनच इशापूरच्या रायफल फॅक्टरीने नागरी परवान्यांसाठी .३१५ ची बंदूक काढली. अमेरिकेत मात्र अशा जुन्या सैनिकी बंदुका बाळगणारे, त्यांची निगा राखणारे आणि त्यांच्यासाठी काडतुसं घरी भरणारे लोक मोठ्या संख्येने आहेत. स्वतःच्या वापरापुरतं भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना काडतूस जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांत, जिथे पिढ्यानपिढ्या माणसं फौजेत गेली, तिथे एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांनी आणलेलं काडतूस सापडतं. ते तसंच राहू द्यावं, खेळू-उघडू नये आणि पोलिसांना कळवावं. खाली जे लिहिलं आहे ते तिकडच्या कायद्यातलं आहे, हे वाचताना लक्षात असू द्यावं.

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर, आतली दारू आणि पुढची गोळी. बार उडाला की पुंगळी शिल्लक राहते. ती साच्यातून काढून मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर बसवायचा, तोलून दारू घालायची, गोळी बसवायची. हे झालं घरी भरणं. यातले काही भाग सैन्याने मोडीत काढलेल्या दारूगोळ्यातून घ्यायचे, ही जुनी रीत आहे. सरकार मुदत संपलेली काडतुसं कंत्राटदाराला देतं, तो ती उकलतो आणि गोळ्या, पुंगळ्या, दारू वेगवेगळी विकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी सरकारची शिलकी दारू मोठ्या प्रमाणावर विकत घेऊन हौशी नेमबाजांना स्वस्तात विकली, आणि त्या व्यापारातूनच एक मोठी कंपनी उभी राहिली. म्हणजे या छंदाचा पायाच बराचसा सैन्याच्या शिलकी मालावर उभा आहे.

खोक्यांत काय निघालं

क्लबचे एक वृद्ध सदस्य वारले. त्यांनी कित्येक दशकं असा माल गोळा केला होता आणि त्यांच्याकडेही ली-एनफील्डच होती. त्यांच्या पत्नीने क्लबला निरोप दिला की गॅरेजच्या माळ्यावरची खोकी कुणीतरी घेऊन जा, मला भीती वाटते. दादांनी तयारी दाखवली. सोबत मी होतो, आणि क्लबचे एक निवृत्त टूलमेकर होते, ज्यांचा शब्द या बाबतीत सगळे मानतात.

एका खोक्यात सुट्या गोळ्या होत्या, बहुतेक तांबूस आवरणाच्या आणि काही करड्या रंगाच्या. दुसऱ्यात पुंगळ्या, काही उडवलेल्या, काही प्रायमरसकट. तिसऱ्यात न उडवलेली काडतुसं थोडी. आणि एका लाकडी पेटीत दारूच्या बरण्या. एकीवर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने '४८९५' लिहिलेलं, दुसरीवर काहीच नाही.

न उडवलेल्या काडतुसांत एकाच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरं होती. दादांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. के.एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी, १८६९ पासूनची. दादांचं बालपण तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरात गेलेलं.

अडचण नेमकी कोणती

वरवर पाहता प्रश्न पैशांचा होता. नव्या गोळ्या आणि पुंगळ्या बाजारात मिळतात, सर्बियातून नव्या .३०३ पुंगळ्या येतात, पण त्या स्वस्त नाहीत. इथे खोकीच्या खोकी फुकट आलेली.

पण दादांना त्या गोळ्या हव्या होत्या त्या वेगळ्याच कारणाने. नंबर ४ ची मागची साइट, म्हणजे नेम धरायची पट्टी, ब्रिटिश सैन्याच्या मार्क ७ या .३०३ काडतुसासाठी आखलेली आहे. मार्क ७ हे १९१० मध्ये आलं. त्याची १७४ ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपासची, टोकदार आणि सपाट बुडाची गोळी सेकंदाला सुमारे २४४० फुटांच्या वेगाने निघत असे. तिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा भरलेला असतो, त्यामुळे वजन मागे सरकतं आणि गोळी वजनाच्या मानाने लांब होते. त्याच गोळीने त्याच बंदुकीतून, साइटवर कोरलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवून नेम धरायचा, ही दादांची इच्छा. मला ती अगदी पटते. बंदूक जपायची तर ती ज्यासाठी घडवली त्या मापात चालवून पाहावी.

खरी अडचण माहितीची होती. काडतूस अखंड असतं तेव्हा ते स्वतःबद्दल बरंच सांगतं: बुडावर कारखाना, साल, मार्क आणि प्रायमरभोवतीच्या लाखेचा रंग. ते उकललं की ही माहिती एका भागासोबत राहते आणि बाकीचे भाग मुके होतात. मालक जिवंत असेपर्यंत उरलेलं त्याच्या डोक्यात होतं. आता तेही नव्हतं.

पर्याय

टूलमेकर सुरुवातीला म्हणाले, सगळं मोडीत द्या. पितळाचे पैसे येतील ते त्या बाईंना द्या. सगळ्यात सुरक्षित मार्ग हाच होता, आणि ज्याला या कामाचा अनुभव नाही त्याने दुसरा विचारही करू नये असं माझं मत आहे.

दुसरा मार्ग दादांच्या मनातला: सगळंच वापरायचं, दारूसुद्धा, अगदी थोड्या मापापासून सुरुवात करून. तिसरा मार्ग बोलता बोलता निघाला. प्रत्येक भागाचा निवाडा वेगळा करायचा. ज्या भागाची ओळख आज मोजून, तोलून, पाहून परत मिळवता येते तो ठेवायचा, जी ओळख आता कुठल्याच मोजमापाने परत येत नाही ते सोडायचं. शेवटी याच मार्गाने गेलो, पण दारूवरून जी ओढाताण झाली ती सांगायलाच हवी.

दारूचा निर्णय

'४८९५' लिहिलेली बरणी जवळजवळ भरलेली होती. दादांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. ४८९५ ही दारू अमेरिकन सैन्याच्या गॅरंड रायफलच्या .३०-०६ काडतुसासाठी वापरली गेली, युद्धानंतर शिलकी मालात भरपूर आली आणि .३०३ मध्ये ती चांगली चालते, हे सर्वमान्य आहे. माप पुस्तकांत छापलेलं आहे. त्या वृद्ध सदस्यांनी आयुष्यभर तीच वापरली आणि त्यांच्या बंदुकीला काही झालं नाही.

मी म्हटलं, "दादा, नाव लिहिलंय खरं, पण कुणाचं? ४८९५ तीन आहेत."

आणि ते खरंच तसं आहे. युद्धकाळातली शिलकी ४८९५ एक, आय.एम.आर. ४८९५ दुसरी, हॉजडनची एच-४८९५ तिसरी. आज दुकानात मिळणाऱ्या शेवटच्या दोघी नावाने जवळच्या असल्या तरी वेगळ्या दारू आहेत आणि पुस्तकात त्यांची मापं वेगळी दिली जातात. शिलकी मालाची गोष्ट आणखी निराळी. दुकानात सीलबंद डब्यात येणारी दारू कारखान्यात मिसळून ठरलेल्या जळण्याच्या वेगाला आणलेली असते, म्हणून छापील माप तिला लागू पडतं. सैन्याला जाणाऱ्या मालात मात्र लॉटनुसार, म्हणजे एका वेळी बनलेल्या खेपेनुसार, वेग थोडा कमीजास्त असतो. तिथे काडतूस भरणारा कारखाना प्रत्येक लॉटचा दाब मोजून माप बदलतो. घरी दाब मोजायचं यंत्र कुणाकडे असतं? शिवाय बरणीवर लॉट क्रमांक नव्हता.

दादा म्हणाले, "अरे, दाणे बघ ना. नळीसारखे बारीक दाणे, ४८९५ च आहे ही."

टूलमेकरांनी त्यावर आपल्याकडच्या दोन वेगवेगळ्या दारूंचे दाणे पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ओतले आणि विचारलं, यातली कुठली कुठली? दादांना सांगता आलं नाही. मलाही नाही. डोळ्यांनी दारू ओळखता येत नाही, भले दाण्याचा आकार ओळखता येवो.

बिननावाची बरणी उघडली तेव्हा प्रश्नच उरला नाही. चांगल्या दारूला ईथरसारखा हलका, स्वच्छ वास येतो. हिचं झाकण फिरवताच नाकाला झोंबणारा आंबट वास आला. झाकणाचा पत्रा आतून गंजून पापुद्रे सुटले होते आणि दाण्यांवर तांबूस-तपकिरी भुकटी बसलेली होती. या दारूतलं मुख्य द्रव्य, नायट्रोसेल्युलोज, हळूहळू विघटित होतं, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात आणि तेच पुढच्या विघटनाला जोर देतात. हे थोपवायला कारखान्यात डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरक घालतात. तो संपला की दारू आतून तापू लागते, आणि साठा मोठा असेल तर आपोआप पेटूही शकते. गॅरेजच्या माळ्यावरची उन्हाळ्यातली उष्णता हे सगळं लवकर घडवते. त्या बाईंना वाटणारी भीती अगदी योग्य होती.

एका बरणीची ही गत पाहिल्यावर शेजारच्या बरणीचा वास ठीक आहे म्हणून ती वापरायची, हे दादांनाही पटेना. दोन्ही नष्ट करायच्या ठरल्या. क्लबच्या रेंज अधिकाऱ्यांनी स्थानिक अग्निशमन दलाला कळवून, मोकळ्या जमिनीवर थोडी थोडी, पातळ थर पसरून ती जाळली. उघड्यावर पातळ पसरलेली ही दारू भसकन जळते, फुटत नाही. बंद डब्यात मात्र तिचा भरवसा धरू नये, म्हणून जाळताना डबा जवळपास ठेवायचा नाही. नवी दारू दादांनी सीलबंद डब्यात विकत घेतली आणि ती मूळ डब्यातच ठेवतात.

या टप्प्यावर आम्ही वेळ सर्वांत जास्त घालवला आणि तो सार्थकी लागला असं मला वाटतं. गोळी चुकली तर नेम चुकतो. दारू चुकली तर बोल्टमागे, नळीची मागची बाजू बंद करणाऱ्या त्या दांड्यामागे, आपला चेहरा असतो.

गोळ्यांचा निर्णय

गोळीची ओळख बरीचशी परत मिळवता येते. वजन तोलता येतं, व्यास मायक्रोमीटरने मोजता येतो, बुडाचा आकार दिसतो. दादांनी आधी नळी मोजली. मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून तिच्यावर उमटलेलं माप घ्यायचं. पाच खाचांच्या नळीत हे त्रासाचं असतं, कारण खाचेसमोर खाच येत नाही. दोन खाचांच्या नळीत खाचा समोरासमोर, त्यामुळे माप सरळ मिळालं. मग इंचाच्या .३११ ते .३१२ व्यासाच्या गोळ्या ठेवल्या, त्याहून बारीक वगळल्या.

बुडं बघून दोन ढीग पडले. सपाट बुडाच्या मार्क ७ च्या, आणि मागे निमुळत्या होत जाणाऱ्या मार्क ८-झेड च्या, ज्या मुळात व्हिकर्स मशीनगनसाठी होत्या. कॉर्डाइटने, म्हणजे ब्रिटिशांच्या काड्यांसारख्या जुन्या दारूने, झिजलेल्या नळीत निमुळत्या बुडाच्या गोळ्या नीट बसत नाहीत आणि नेम पसरतो, ही जुनी माहिती आहे. दादांच्या नळीचा घसाही, म्हणजे काडतुसाच्या लगेच पुढचा भाग, झिजलेला होता. म्हणून सपाट बुडाच्याच घेतल्या.

मग चुंबक. काही गोळ्या चिकटल्या. याचा अर्थ आत पोलादी गाभा आहे असाच होत नाही. युद्धकाळात तांबं वाचवायला आवरणही पातळ पोलादाचं करून वर मुलामा देत. दादा म्हणाले एक कापून बघू. टूलमेकरांनी हात धरला. थ्री-नॉट-थ्रीमध्ये आग लावणाऱ्या आणि माग दाखवणाऱ्या गोळ्याही होत्या. त्यांची खूण असे प्रायमरभोवतीच्या लाखेत: साध्या गोळीला जांभळी, माग दाखवणारीला लाल, आग लावणारीला निळी, चिलखत भेदणारीला हिरवी. गोळी उपटून काढली की खूण पुंगळीच्या बुडाशी मागे राहते. अशा गोळीत करवत घालणं म्हणजे जुगार. चिकटलेल्या सगळ्या गोळ्या वेगळ्या करून क्लबमार्फत दारूगोळ्याची विल्हेवाट लावणाऱ्या सरकारी पथकाकडे गेल्या. आमच्या रेंजवर पोलादी गाभ्याला आणि माग दाखवणाऱ्या गोळ्यांना तशीही बंदी आहे, कारण एकाने लक्ष्यामागचा पत्रा फुटतो आणि दुसरीने कोरडं गवत पेटतं.

उरलेल्यांत काहींवर उपटण्याच्या चिमट्याचे ओरखडे होते. हलके ओरखडे चालले, चपटलेल्या गोळ्या टाकल्या. वजनाने गट पाडले. एवढं करून हातात आलेला माल मूळ खोक्याच्या निम्म्याहून थोडा जास्त होता.

प्रायमर आणि पुंगळ्या

प्रायमर झटपट निकालात निघाले. जुना प्रायमर पुन्हा वापरायचा नाही, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. त्या काळच्या बहुतेक प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर मागे पोटॅशियम क्लोराइड राहतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि नळी गंजवते. तेलाने ते निघत नाही, गरम पाण्याने धुवावं लागतं.

पुंगळ्यांत मात्र बारकाई लागली. आधी प्रत्येक पुंगळीच्या तोंडातून टॉर्चने आत पाहिलं. मध्यभागी एकच भोक दिसलं तर बॉक्सर पद्धत, दोन बारीक भोकं दिसली तर बर्डान. बॉक्सर पुंगळीतला प्रायमर आतून पिन घालून सहज ढकलता येतो. बर्डानमध्ये प्रायमर ज्यावर चेपला जाऊन पेटतो ती ऐरण पुंगळीचाच भाग असते, पिन जायला वाट नसते, आणि त्या मापाचे नवे प्रायमर मिळवणंही कठीण. ब्रिटिश आणि भारतीय बनावटीच्या जवळजवळ सगळ्या पुंगळ्या बर्डान, म्हणून त्या पितळाच्या भावाने गेल्या. राहिल्या त्या कॅनडाच्या, 'डी.आय.' आणि 'झेड' कोरलेल्या, युद्धाच्या अखेरच्या वर्षांतल्या. झेड म्हणजे कॉर्डाइट नव्हे, नायट्रोसेल्युलोज दारू. या बॉक्सर आहेत आणि त्यांचे प्रायमर नळी न गंजवणारे होते, म्हणून .३०३ भरणारे लोक त्या जपून ठेवतात. मर्क्युरी फल्मिनेटचे प्रायमर ज्यांत उडाले आहेत त्या पुंगळ्या पाऱ्याने ठिसूळ होतात. तसला माल निवडून काढायला हाच बुडाचा छाप उपयोगी पडला. मान चिरलेल्या पुंगळ्याही बाजूला गेल्या, पितळ जुनं झालं की मान कडक होऊन फुटते.

बिघडलेलं एक अखंड काडतूस टूलमेकरांनी आम्हाला दाखवण्यासाठी त्यांच्या कार्यशाळेत उकललं. आत दाणेदार दारू नव्हती, शेवयांच्या जुडीसारख्या लांब कॉर्डाइटच्या काड्या होत्या, वर पुठ्ठ्याची चकती. या काड्या पुंगळीला मान काढण्याआधीच भरत, म्हणून त्या मानेतून नीट बाहेरही येत नाहीत.

मध्येच झालेला अपघात

सगळं निवडून झाल्यावर दादांनी डी.आय.-झेड पुंगळ्या, नवे प्रायमर, नवी दारू आणि जुन्या मार्क ७ गोळ्या यांची भरणी सुरू केली. माप छापील पुस्तकातल्या सर्वांत कमी आकड्यापासून. पहिल्या दोन वेळा काहीच तक्रार नव्हती. त्याच पुंगळ्या तिसऱ्यांदा भरून उडवताना एका बारानंतर बोल्ट मागे आला तो पुंगळीचं नुसतं बूड घेऊन. पुढचं नळकांडं चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेतच, अडकलं. थोडा वायू मागे आला. दादांनी चष्मा घातलेला होता, इजा झाली नाही. तुटकी पुंगळी काढायचं हत्यार टूलमेकरांच्या पेटीत होतं म्हणून त्याच दिवशी ती निघाली.

पहिला संशय बंदुकीवर. टूलमेकरांनी हेडस्पेसचं, म्हणजे बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला किती जागा आहे ते पाहायचं, गेज लावलं, ०.०७४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला नाही. म्हणजे बंदूक मर्यादेत होती. नंबर ४ ला ० ते ३ अशा क्रमांकांची, थोडी थोडी लांब होत जाणारी बोल्ट-हेड्स असतात. बदलायची वेळ आलेली नव्हती.

दोष भरण्याच्या रीतीत निघाला. .३०३ चं काडतूस चेंबरमध्ये कडेच्या रिमवर टेकतं. खांद्यापाशी, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथे, चेंबर किती मोकळं असावं हे हेडस्पेसचं गेज सांगतच नाही, आणि सैनिकी बंदुकांची चेंबरं चिखलमातीतही काडतूस जावं म्हणून पुढून सैल ठेवलेली असतात. बार उडताना पुंगळी त्या मोकळ्या जागेत पुढे फुगते. त्यात ली-एनफील्डचा बोल्ट मागच्या बाजूने अडकतो, त्यामुळे दाबाखाली थोडा दबतो, आणि पितळ ताणायला आणखी जागा मिळते. दादा दर वेळी पुंगळी साच्यात पूर्ण दाबून खांदा मागे ढकलत होते. ती पुन्हा ताणायची. बुडाच्या किंचित वर, जिथे जाड पितळ पातळ होतं, तिथे भिंत दर बाराला झिजत गेली.

राहिलेल्या पुंगळ्या तपासल्या. तारेचं टोक काटकोनात वाकवून आतून भिंतीवर ओढलं की खाच लागते. बऱ्याच पुंगळ्यांत ती लागली. काहींच्या बाहेरून बुडाजवळ चकाकती रेघही दिसत होती. त्या सगळ्या मोडल्या.

काय साधलं

पुंगळ्यांची फक्त मान साच्यातून काढायला सुरुवात केल्यावर तक्रार राहिली नाही. त्याच बंदुकीत उडवलेली पुंगळी तिच्या चेंबरच्या आकाराची होते, खांदा मागे न ढकलल्याने ताणत नाही. नव्या सर्बियन पुंगळ्यांसाठी दादा पहिल्या बाराला रिमच्या पुढे रबरी ओ-रिंग चढवतात, म्हणजे पुंगळी मागे टेकून राहते आणि सगळा फुगवटा खांद्याकडे जातो.

निवडलेल्या मार्क ७ गोळ्यांनी १०० यार्डांवर उघड्या साइटने साधारण तीन इंचांत नेम बसतो. ऐंशी वर्षांच्या झिजलेल्या नळीला हे उत्तमच. आणि साइटवरच्या ३०० च्या खुणेवर नेम जिथे पडायला हवा तिथे पडतो. दादांना हवं होतं ते मिळालं.

पैसे फार वाचले नाहीत. मायक्रोमीटर, मान-साचा, तुटकी पुंगळी काढायचं हत्यार आणि निवडण्यात गेलेला वेळ धरला तर नव्या गोळ्या घेणं परवडलं असतं. पितळ विकून आलेली रक्कम त्या बाईंना दिली.

खडकीचं काडतूस दादांनी उकललं नाही आणि उडवलंही नाही. बर्डान, कॉर्डाइट आणि नळी गंजवणारा प्रायमर, असं वापरण्याजोगं त्यात काहीच नव्हतं. ते त्यांच्या कपाटात, कुलपात आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पुंगळ्यांच्या बाबतीत पहिल्या भरणीआधीच चेंबरमध्ये उडवलेल्या पुंगळीचा खांदा मोजायला हवा होता. साचा किती खाली बसवायचा हे त्या मापावरून ठरतं. साच्याच्या कंपनीच्या सूचनेनुसार पूर्ण दाबणं हे कुठल्याही बंदुकीत चालावं म्हणून असतं, एका ठरलेल्या जुन्या बंदुकीसाठी ते जास्तच होतं. वाकड्या तारेची तपासणीही अपघातानंतर सुचली. ती प्रत्येक भरणीआधी करायची असते.

दारूच्या बाबतीत आम्ही घेतला त्यापेक्षा लवकर निर्णय घ्यायला हवा होता. बरण्या गॅरेजमधून निघाल्या त्या दिवसापासून त्या जाळेपर्यंत दादांच्या तळघरात राहिल्या, आणि आंबट वासाची बरणी त्यातच होती. वास आला त्याच दिवशी तिला घराबाहेर, थंड आणि वेगळ्या जागी ठेवायला हवं होतं.

चुंबकाला चिकटलेल्या गोळ्यांचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन. त्यांतल्या बहुतेक साध्याच असतील. पण त्यांची खूण पुंगळीसोबत गेली होती, आणि ती परत आणण्याचा निरुपद्रवी मार्ग आमच्याकडे नव्हता.

टूलमेकरांनी यातून क्लबात एक पद्धत सुरू केली आहे. घरी भरणाऱ्या प्रत्येक सदस्याने वहीत लिहायचं: दारूचं पूर्ण नाव, लॉट क्रमांक, डबा कधी उघडला, पुंगळ्या कुठल्या आणि त्या किती वेळा भरल्या, गोळ्या कुठून आल्या. वही बरणीशेजारीच ठेवायची आणि ती कुठे आहे हे घरातल्या माणसाला सांगून ठेवायचं. दादांनी आपली वही मराठीत लिहायला घेतली होती. वहिनींनी त्यांना ती इंग्रजीत उतरवायला लावली, कारण उद्या ती वाचणारा क्लबचा माणूस असेल.